पेन्सिल न लावलेली काच

पेन्सिल न लावणारा फोटोग्राफर म्हणजे गूळ न घालता पुरण शिजवणारा आचारी. पुरण खरं असेल हो, पण पंगतीला बसणार कोण? आमच्या घरमालकाचं दुकान असं होतं. नंदुरबारला स्टेशनकडून मिरचीबाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा स्टुडिओ, मागे घर, आणि माडीवरच्या एका खोलीत मी भाडेकरू. मी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायचे. स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली असतील. मी नाशिककडची, एकटी, आणि गावाच्या मते जरा जास्तच मोठ्या आवाजात बोलणारी. गावाचं हे म्हणणं खरं आहे. मी अजूनही त्याच आवाजात बोलते, आणि या माणसाची आठवण निघाली की तो आणखी चढतो.

गाव त्यांना मोठाभाऊ म्हणायचं आणि पाठच्या भावाला धाकलाभाऊ. मोठेभाऊ उंच, हाडकुळे, आणि चेहराभर देवीचे व्रण. लहानपणी देवी आल्या, जीव वाचला, चेहरा गेला. धाकटेभाऊ गोरेगोमटे, गोड बोलणारे, गिऱ्हाइकाला आधी पाणी आणि मग खुर्ची देणारे. मोठेभाऊ कॅमेऱ्यामागे काळ्या कापडात डोकं खुपसायचे आणि आतूनच ओरडायचे. दुकान चालायचं ते धाकट्यांमुळे. त्यांच्या हातात पेन्सिल होती.

ही पेन्सिल काय ते सांगितलं पाहिजे, कारण सगळा राग तिच्याभोवतीच आहे. तेव्हा फोटो काचेच्या प्लेटवर निघायचे. प्लेट धुऊन वाळली की तिच्यावर वार्निशाचा पातळ हात द्यायचा आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने त्या काचेवरच माणूस दुरुस्त करायचा. काचेवर सगळं उलटं असतं. तिथे पेन्सिलीने राखाडी केलं की छापलेल्या फोटोत तेवढी जागा उजळ येते. गालावरचा खड्डा बुजवा, कपाळाची आठी बुजवा, डोळ्यांखालचं काळं बुजवा. धाकट्याभाऊंचा हात या कामात असा बसलेला होता की धुळ्याचे स्टुडिओवालेसुद्धा अडलेल्या प्लेटा त्यांच्याकडे पाठवायचे. आणि नको असेल तेव्हा टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की पेन्सिल, वार्निश सगळं साफ, खाली मूळ माणूस जसाच्या तसा.

मोठ्याभाऊंनी आयुष्यात पेन्सिल हातात धरली नाही. धाकटा ते काम करायचा तेव्हा ते मुद्दाम उठून रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. घरात कुणी ताटात जेवणाऐवजी दुसरंच काही वाढलं असावं अशी त्यांची मुद्रा व्हायची. गिऱ्हाइकाने जरा "भाऊ, थोडं चांगलं काढा" म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर यायचं.

"जे शे ते येई. जे नही ते मी कथाईन आनू?"

रनाळ्याचा एक शेतकरी मुलीला घेऊन आला होता. स्थळाकडे फोटो पाठवायचा होता. मुलीच्या गालावर भाजल्याचा डाग. बाप खालच्या आवाजात म्हणाला, "भाऊ, तेवढा डाग काढी टाका."

मोठेभाऊ कापडातून बाहेर आले. "पोरना गालवर डाग शे. फोटोमा बी डाग येई. सासरना लोकेसले काय दुसरी पोर देनी शे का तुमले?"

ती मुलगी खाली मान घालून रडायला लागली. मी जिन्यात उभी होते, तिथूनच त्यांना झापलं. म्हटलं, खरं बोलायला अक्कल लागत नाही, कुणासमोर आणि कसं बोलायचं त्याला लागते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कापडात डोकं घातलं आणि आतून म्हणाले, "बाई, तुम्ही भूगोल शिकाडा." मी शास्त्र शिकवते हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मला वाटायचं, हा माणूस नुसता खवीस आहे. आपला चेहरा गेला म्हणून दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर सूड काढतोय. तसं मी एकदा धाकट्यांच्या बायकोला, वहिनींना, बोलून दाखवलं. हिवाळ्याचे दिवस होते, अंगणात मिरच्यांचा ढीग घालून आम्ही देठं खुडत होतो. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मिरचीने की कशाने ते कळलं नाही.

त्या म्हणाल्या, त्यांच्या लग्नाआधीची गोष्ट. मोठ्याभाऊंसाठी मुली बघत होते. सासऱ्यांनी मोठ्याचा फोटो काढवला आणि धाकट्याला, तेव्हा तो नुकता पेन्सिल शिकत होता, सांगितलं की बुजव. धाकट्याने दोन दिवस बसून एकेक खळगा बुजवला. भावावर जीव होता त्याचा. चेहरा असा निघाला की बाप खूश, आजूबाजूचे खूश. तापीकाठच्या एका गावाहून मुलीकडचे लोक आले. मोठेभाऊ पाण्याचा तांब्या घेऊन ओसरीवर गेले. मुलीच्या बापाने तांब्या घेतला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "आन् फोटोमाधला पोऱ्या कथा शे?"

त्यानंतर मोठ्याभाऊंनी लग्नाचं नाव काढू दिलं नाही आणि स्वतःचा फोटोही पुन्हा कधी काढू दिला नाही. इतक्या फोटोवाल्यांच्या घरात त्या माणसाची तेवढी एकच काच होती.

हे ऐकल्यावर माझा राग गेला असं नाही. राग जरा सरकला, दुसऱ्या माणसांकडे वळला. पुढे तर त्याला भरपूर माणसं मिळाली.

मोठ्याभाऊंना आभाळाचं वेड होतं. मोठ्या वेडाला आमच्याकडे दोनच नावं, भक्ती किंवा नाद. यांच्या वेडाला गाव नाद म्हणायचं. कुठल्याशा जुन्या इंग्रजी मासिकात त्यांनी एक चित्र पाहिलं होतं: परदेशातल्या एका वेधशाळेने काढलेलं मृग नक्षत्र, आणि त्याच्या पूर्वेच्या अंगाने धनुष्यासारखी वाकलेली एक फिकट कमान. ती कमान म्हणजे विरळ वायूचा अफाट ढग. आतल्या तापलेल्या ताऱ्यांच्या तेजाने तो उजळतो, आणि उजळतो तो मुख्यतः एका ठरावीक लाल रंगात. मृग आपण सगळेच पाहतो, त्यातलं तीन ताऱ्यांचं तिकांडं तर शेतात राखणीला बसणाऱ्यांचं घड्याळच. पण ही कमान डोळ्याला दिसत नाही. इतकी फिकट, आणि अंधारात आपला डोळा लाल रंगाला जवळजवळ आंधळा.

"त्यासले दखाई तर मले का नही?" मोठेभाऊ म्हणायचे. "त्यासना आभाय काय येगळं शे का?"

तर ती कमान नंदुरबारहून काढायची, हा त्यांचा ध्यास. साध्या प्लेटला लाल रंग म्हणजे काळोखच. म्हणून तर स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिवा चालतो. मोठ्याभाऊंनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या मागे लागून लागून लाल रंग ओळखणाऱ्या प्लेटांची एक पेटी मिळवली. वेधशाळेसाठी आलेली, मुदत सरत आलेली, म्हणून बाजूला टाकलेली. भिंगापुढे लावायला एक गडद लाल काच मिळवली. ती काच लालच्या अलीकडचे सगळे रंग अडवायची. आणि प्लेट अशी की लालच्या थोडं पलीकडे गेलं की तिला काहीच दिसत नसे. दोघींच्या मधे उरायची एक चिंचोळी फट, आणि त्या फटीत नेमका ढगाचा रंग. मी शास्त्राची बाई, पण हे मला त्यांनी मिरचीबाजाराच्या भाषेत समजावलं.

"बाजारमा बठ्ठा बोंबली ऱ्हायनात. मले एकनाच आवाज आयकना शे. मंग मी बाकीसना तोंडवर हात ठेवस."

गावाबाहेर मिरची वाळत घालायची मोठमोठी मैदानं आहेत, आम्ही त्यांना पथारी म्हणतो. हिवाळ्यात सगळं मैदान लाल होऊन जातं. तिथे झाड नाही, घर नाही, चारी बाजूंनी आभाळ मोकळं. पौषात दिवेलागण झाली की मृग वर येतो. मोठेभाऊ पथारीच्या कडेला आपलं यंत्र मांडायचे. दोन फळ्या, मधे दरवाजाची बिजागरी, बिजागरीची दांडी ध्रुवाकडे रोखलेली, वरच्या फळीवर कॅमेरा आणि त्याला बांधलेली एक छोटी दुर्बीण. आभाळ सरकतं तसा कॅमेराही सरकला पाहिजे, म्हणून ते दुर्बिणीतून एका ताऱ्यावर डोळा लावून फळीखालचा स्क्रू हाताने हळूहळू फिरवत राहायचे. आम्ही दोघी, वहिनी आणि मी, भाकरीचा डबा घेऊन कधीकधी जायचो. वहिनी बरोबर असायच्या म्हणून बरं, नाहीतर गावाने मला तेवढ्यावरून गावाबाहेर काढली असती.

तिथे बोलायला बंदी, कंदिलाला बंदी, आणि सगळ्यात मोठी बंदी खोकायला. मिरचीची पथारी, वाऱ्याची झुळूक, आणि खोकायचं नाही! राखणदार लांब बसून यथेच्छ खोकायचे. मोठेभाऊ स्वतः तोंडात उपरण्याचा बोळा कोंबून बसायचे, डोळ्यांतून पाणी गळतंय, चेहरा लालबुंद, पण हात स्क्रूवरून हलायचा नाही. एकदा मला ठसका लागला आणि फळी हलली. प्लेट धुतल्यावर सगळ्या ताऱ्यांना शेपट्या. त्यांनी ती प्लेट माझ्या दारात उभी करून ठेवली. दोन दिवस मी जाता-येता ती पाहत होते.

पेटीतल्या प्लेटा संपत चालल्या होत्या. कधी दव, कधी ढग, कधी कुणाच्या बैलगाडीचा कंदील. शेवटी एक संध्याकाळ अशी आली की दोन दिवस बाजार बंद म्हणून मैदानावर माणूस नाही, वारा नाही, धुरळा नाही. मोठेभाऊ प्लेट घेऊन परत आले आणि थेट अंधाऱ्या खोलीत शिरले. ही प्लेट लाल दिव्यालाही बिचकणारी, म्हणून आत मिट्ट काळोख. मी आणि वहिनी दाराबाहेर पायरीवर. धाकटेभाऊ त्या दिवशी विसरवाडीला एका लग्नाचे फोटो काढायला गेले होते, ते दुसऱ्या दिवशीच्या मोटारीने येणार होते.

मग आत दिवा लागला आणि मोठ्याभाऊंनी हाक मारली. काच ओली होती, पाणी टपटप गळत होतं. त्यांनी ती दिव्यासमोर धरली. काळे ठिपके म्हणजे तारे. आणि त्यांच्या एका बाजूने, बोटाने ओढावी तशी, एक पुसट राखाडी कमान. मासिकातल्यासारखी सुबक नव्हती ती, वरच्या टोकाला विरून गेली होती. पण ती होती. मी पाहिली. ओल्या काचेवर पेन्सिल लागत नाही, हे त्या घरात राहणाऱ्या मांजरालाही ठाऊक होतं.

मोठ्याभाऊंनी काच वहिनींच्या हातात दिली, ते जमिनीवर बसले, आणि इतके दिवस दाबून ठेवलेला सगळा खोकला एकदम खोकून टाकला.

दुसऱ्या दिवशी फोटो दुकानाच्या दर्शनी काचेत लागला. त्या काचेत एरवी नवरा-नवरी, पुढारी आणि शेठ लोकांचे वडील असायचे. त्यांच्या मधोमध काळं आभाळ आणि एक फिकट कमान. लोक थांबायचे, बघायचे आणि विचारायचे, हे कशाचं?

मग तो मिरचीवाला शेठ आला. त्याचं नाव घ्यायची माझी इच्छा नाही. बाजारातला मोठा आडत्या, शाळेच्या मंडळावर, देवळाच्या मंडळावर, जिथे खुर्ची असेल तिथे. याचे वडील तिरळे होते. ते वारल्यावर शेठने त्यांचा मोठा फोटो करायला दिला आणि मोठ्याभाऊंना म्हणाला होता, "मन्हा बापना डोया जरा नीट करी दे."

"बाप जित्ता व्हता तवय नीट करना व्हता," मोठेभाऊ म्हणाले होते. "आते मी काय करू?"

शेवटी धाकट्यांनी भावाच्या नकळत तो डोळा सरळ करून दिला आणि तेव्हापासून शेठच्या घरची सगळी लग्नं, बारशी दुकानाला मिळायला लागली. पण मोठ्याभाऊंचं ते वाक्य शेठच्या पोटात मिरचीच्या बीसारखं राहिलं होतं.

शेठ काचेसमोर उभा राहिला, फोटो बघितला आणि रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा हसला. "हाई ते धाकलानी पेन्सिल शे! आभायमा कधी धूर ऱ्हास का? नहीतर मन्ही मिरचीना धुरळा व्हई तो!"

झालं. गावाला एवढंच हवं होतं. संध्याकाळपर्यंत बाजारात, स्टेशनवर, चहाच्या दुकानात एकच विनोद. जो जन्मभर दुसऱ्यांच्या डागाला हात लावत नव्हता, त्याने आभाळाला डाग लावून घेतला! ज्यांना तो कधी तिखट बोलला होता त्या सगळ्यांचा सूड एका दिवसात उगवला. मी भाजी घ्यायला गेले तर भाजीवालीने मला विचारलं, "बाई, तुम्हना मोठाभाऊ आते चांदलेबी मिश्या लावस का?" मी भाजी तिथेच टाकून घरी आले.

आमच्या शाळेत शास्त्राचं प्रदर्शन होतं. मीच हट्टाने तो फोटो आणि ती काच तिथे ठेवायला लावली. मला वाटलं, निदान शाळेत तरी माणसं डोळे उघडून बघतील. शेठ मंडळाचा म्हणून पाहुणा. तो काचेसमोर आला, हेडमास्तर मागे, आणि बाकीचं गाव त्याच्या मागे. शेठने कोटाच्या खिशातून टर्पेंटाइनची बाटली काढली. घरून घेऊन आला होता! हेडमास्तरांना म्हणाला, पुसून बघू, म्हणजे शाळेचं नाव खराब नको व्हायला. हेडमास्तर म्हणाले, सूचना योग्य आहे. त्यातून ते असंही म्हणाले की असं चित्र मासिकात आलेलं आहे म्हणे, तेव्हा बघून काढणंही अशक्य नाही.

मी ओरडले. मी म्हटलं, मी ही काच ओली असताना पाहिली आहे, मी या शाळेत शास्त्र शिकवते, माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही? हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही त्यांच्या भाडेकरू आहात. खाली बसा." मुलींच्या देखत. माझ्या वर्गातल्या मुलींच्या देखत मला खाली बसा म्हणाले. मी बसले नाही, पण ऐकून कुणी घेतलं?

मोठेभाऊ पुढे आले. मला वाटलं, आता बाटली हिसकावतील आणि स्वतःच बोळा फिरवतील. फिरवायला काय हरकत होती? कमान जागची हलली नसती. क्षणाचं काम! पण त्यांनी काचेवर आडवा हात धरला.

"काच पुसानी नही," ते म्हणाले. "पेन्सिल लावनारा हात मन्हा भाऊना शे. तो आठेच उभा शे. त्याले इचारा. तो सांगी ते खरं."

सगळ्यांनी धाकट्याभाऊंकडे पाहिलं. शेठने पण पाहिलं, जरा हसून, जुन्या गिऱ्हाइकाने दुकानदाराकडे बघावं तसं. मी मनात म्हणत होते, बोल. एक शब्द, नाही. तुला तर माहीत आहे तू विसरवाडीला होतास.

धाकट्यांनी शेठकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि ते त्यांचं गिऱ्हाइकाला खुर्ची देताना हसायचं गोड हसू हसले. "आते मी काय बोलू शेठ," ते म्हणाले. "मोठा भाऊ शे मन्हा."

आमच्याकडे मोठ्यापुढे धाकट्याने तोंड उघडायचं नाही, ही रीत. घरंदाजपणाचं लक्षण. त्या रीतीआड लपायला त्यांना छान जागा मिळाली. ऐकणाऱ्याने काय ऐकलं? भावाची लाज झाकतोय बिचारा. सगळे हसले. हेडमास्तरांनी शिपायाला खूण केली आणि फोटो उतरवला गेला. मोठ्याभाऊंनी आपली काच उचलली, उपरण्यात गुंडाळली आणि ते चालू लागले. त्यांचा पडलेला चेहरा मी पाहिला. शेठमुळे तो तसा झाला नव्हता.

त्या संध्याकाळी मी धाकट्याभाऊंना दारात गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलले. ते ऐकत राहिले. म्हणाले, "बाई, दुकान चालाडनं पडस. घरमा पोरं शेत." मी म्हटलं, चालवा दुकान, शेठच्या बापाचे दोन्ही डोळे सरळ करा. मग आत गेले आणि मोठ्याभाऊंनाही बोलले. म्हटलं, तुमचा ताठा तुम्हाला लखलाभ, एक बोळा फिरवला असता तर हा तमाशा टळला असता. ते बिजागरीला तेल घालत होते. वर न बघता म्हणाले, "बोळा फिरावाले शेठ बी चालस. मले भाऊना शबद पाहिजे व्हता."

त्यानंतर ते दोघे एका दुकानात, एका छपराखाली, एका चुलीवरचं जेवत राहिले, पण एकमेकांशी बोलले नाहीत. वर्षानुवर्षं. मधे मी. "बाई, धाकलाले सांगा, हायपो सरी गया." हायपो म्हणजे प्लेट पक्की करायचं औषध, धाकटे तीन हातांवर उभे असायचे. "बाई, मोठाभाऊले सांगा, उद्या लगन शे." मी कधीकधी चिडून निरोप उलटा द्यायचे. दोघांना कळायचं, दोघे दुरुस्त करून घ्यायचे, पण बोलायचे नाहीत. आभाळाचे फोटो मोठ्याभाऊंनी पुन्हा काढले नाहीत. बिजागरी काढून मागच्या दाराला बसवली. प्लेटांच्या रिकाम्या पेटीत वहिनी हळद ठेवायच्या.

पुढे मोठेभाऊ गेले. पावसाळा सरता सरता ताप आला, छातीत भरला, सरकारी दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. मी तेव्हा अजून त्याच माडीवर होते. दारावर माणसं यायला लागली. आमच्याकडे मयताच्या घरी भेटायला येण्याला दारावर येणं म्हणतात. पुढच्या खोलीत सतरंजी घातली आणि पाटावर हार घालून फोटो ठेवला.

मी जिना उतरून आले आणि फोटो पाहिला. एक देखणा तरुण. गुळगुळीत गाल, तुकतुकीत कपाळ. क्षणभर मला कळेना, हा कोण. मग कळलं. ती जुनी काच. घरात तेवढी एकच होती.

मी काय बोलले ते मला शब्दशः आठवत नाही, पण सतरंजीवरची सगळी माणसं उठून उभी राहिली एवढं आठवतं. मी म्हटलं, मेल्यावर तरी याला याचा चेहरा द्या. म्हटलं, जन्मभर जे या माणसाने दुसऱ्याला केलं नाही ते तुम्ही त्याला दोनदा केलंत. एकदा लग्नासाठी आणि एकदा मरणासाठी. वहिनी माझा हात ओढत होत्या. शेठ तिथेच बसला होता, पांढरी टोपी घालून, दुःखी चेहरा करून. तो म्हणाला, "बाई, मयतना घर शे. हाऊ फोटो किती चांगला दखास, ऱ्हाऊ द्या ना."

धाकटेभाऊ उठले. त्यांनी हार बाजूला केला, फोटो उचलला आणि आत गेले. थोड्या वेळाने मी मागे गेले. अंधाऱ्या खोलीचं दार उघडंच होतं. जुनी काच त्यांच्या पुढ्यात होती आणि ते टर्पेंटाइनचा बोळा फिरवत होते. आपलं पहिलं काम, दोन दिवस बसून केलेलं. एकेक खळगा उघडा होत होता. त्यांनी पुन्हा छापलं. ओला फोटो तसाच बाहेर आणला, पाटावर ठेवला. पाणी गळत होतं. तरुण मोठेभाऊ, चेहराभर व्रण, आणि डोळ्यांत तेव्हाच ती सगळ्यांना झापायची तयारी.

शेठला राहवलं नाही. "आते बोळा हातमा शेच, ते ती आभायनी काच बी पुसी टाक. एकदाव कळी जाई."

धाकटेभाऊ कपाटाकडे गेले. उपरण्यातून ती काच काढली. मी एक पाऊल पुढे झाले, कारण मोठ्याभाऊंना पुसलेलं नको होतं. धाकट्यांनी काच भावाच्या फोटोशेजारी उभी केली. बोळा हातातून खाली टाकला. बाटलीला बूच लावलं. हसले नाहीत.

"पुसानी गरज नही," ते म्हणाले. "हात मन्हा शे. मी सांगस. मी पेन्सिल लावेल नही. ती कमान मन्हा भाऊनी आभायमाईन आनेल शे."

शेठने टोपी नीट केली आणि उठून गेला. त्याच्यामागे आणखी दोघे-तिघे गेले. उरलेले बसून राहिले. वहिनींनी हार पुन्हा घातला.

सगळे पांगल्यावर धाकटेभाऊ माझ्याजवळ आले. त्यांच्या बोटांना टर्पेंटाइनचा वास येत होता. म्हणाले, "बाई, आते तरी तुम्हना राग गया का?"

मी पाटाकडे पाहिलं. ज्याला हे ऐकायचं होतं तो तिथे होता, आणि त्याला ऐकू येत नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.